बाजाराच्या दिवशीचं बीळ

मी चौथी शिकलेला माणूस आहे, आणि तीही दोनदा बसून. तरी हे माझ्या हातानं लिहितो आहे. मुलगी म्हणाली, बाबा, तुमी सांगा, मी मोबाइलवर लिहून घेतो. (आमच्याकडं बायाही 'घेतो'च म्हणतात.) मी नाही म्हटलं. या गोष्टीत तिचाही हात आहे, आणि ज्याचा हात आहे त्याच्याच हातून गोष्ट लिहून घेत नसतात.

आमचं गाव मंगरूळपीरपासून जवळ. पिढ्यान् पिढ्या आम्ही भाजीपाला काढतो. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचणाऱ्यांसाठी सांगितलं. बापाच्या वावराचे दोन तुकडे झाले, एक माझा, एक धाकट्या भावाचा. मधात धुरा, हातभर उंच मातीचा. विहीर माझ्या बाजूला आली. आठवड्यातले दोन दिवस पाणी त्याचं, बाकी माझं, असं ठरलं होतं. काही वर्षं नीट चाललं.

मग एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. माझी वांग्याची रोपं माना टाकून पडलेली, आणि मी वावरात गेलो तर धाकट्यानं मोटर चालू केलेली. पाळी माझी, पाणी त्याच्या दांडात, म्हणजे पाटात. मी स्टार्टर बंद केला. चार माणसं जमली.

"इहीर बाची हाय, दादा," तो म्हणाला. "तू काय आभायातून आणली?"

"बाची इहीर वीस हात होती. खालचे दहा हात मी खंदले. तवा तू सासुरवाडीत पुरणपोळ्या खाऊन राह्यला होता."

"मंग तू खालच्या दहा हाताचं पी. वरचं माहं."

लोक हसले. तो बोलला ते मी सोसलं असतं, पण लोक हसले ते सोसलं नाही. मी खाली वाकलो, मूठभर माती उचलली आणि सगळ्यांच्या देखत बोललो, "माह्या इहिरीचा एक थेंब मी ह्या धुऱ्यापलीकडे जाऊ देणार नाही. आन् माह्या पायाखाली माती हाय तवर मी तुह्याशी बोलणार नाही."

मातीत हात घालून जगणाऱ्या माणसानं माती हातात घेऊन बोललेलं परत घ्यायचं नसतं. मी बावीस वर्षं परत घेतलं नाही. आमचा सोयरा मेला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिरडी उचलली, तो पुढं, मी मागं, पण बोललो नाही. त्याच्या पोराच्या लग्नात मी मांडवाच्या दारातून अक्षता टाकल्या आणि परत आलो. गावात माझ्याबद्दल दुसरं काही चांगलं बोलत नसतील, पण माणूस शब्दाचा पक्का आहे एवढं म्हणत. माझ्याजवळ शाळा नाही, मोठं वावर नाही. एवढंच होतं.

आता बिळाचं सांगतो.

त्याच्याकडे जाणाऱ्या दांडाचं तोंड मी दगड-मातीनं बुजवलं होतं. पाच-सहा महिने झाले असतील. बाजाराच्या दिवशी मी पहाटेच टोपले घेऊन मंगरूळला जायचो आणि दिवस कलताना परत यायचो. त्या दिवशी ओलिताचं काम बायको पाही. मी आलो, हातपाय न धुता धुऱ्यावरून चक्कर मारली, तर बुजवलेल्या तोंडाशी हात जाईल एवढं बीळ. पलीकडची माती ओली.

"अवं, हे पाय. उंदरानं कोरलं."

"उंदीरच मेले," ती म्हणाली. "तुमी थांबा, मी गारा आणतो."

तिनं घमेलंभर माती कालवून गारा आणला. मी बिळात कोंबला, टाचेनं दाबला, वरून दगड ठोकला. पुढच्या बाजाराला पुन्हा बीळ. पुन्हा ती म्हणाली, मी गारा आणतो. असं वीस वर्षं चाललं. खोटं वाटेल, पण वीस वर्षं. मी लोखंडी सापळा आणला. औषध टाकलं. मिरचीचा धूर घातला, तर मीच खोकून खोकून आडवा झालो. बहिणीच्या घरून बोका आणला, तो आठ दिवस दूध पिऊन परत बहिणीकडे गेला. बिळाच्या तोंडाशी हरभऱ्याची फोलपटं पडलेली असायची. उंदराचं काम आहे याचा तो पुरावाच होता.

मारोतीच्या पारावर लोक विचारत, "काय म्हणतात भाऊ, उंदीर?" मी सविस्तर सांगायचो. एकदा कृषी खात्याचा माणूस गावात आला, त्यालाही सांगितलं की आमच्याकडं उंदराची एक जात आहे, आठवड्यातून एकदाच कोरते. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेला.

धुऱ्यापलीकडं धाकट्याचे पाच-सहा वाफे हिरवे राहत. सांबार, थोडी मेथी, कडेला शेवंती. मी म्हणायचो, त्याच्या जमिनीत ओल आहे, नशीबवान आहे मेला.

दोन वर्षांआधी बायको गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी गेली. त्यानंतर बीळ पडलं नाही. एकदाही नाही. मी पारावर बसून म्हटलं, "ती गेली आन् तिच्यामागं उंदीर बी गेले." कोणी हसलं नाही. सगळे खाली पाहत होते. मला वाटलं, माझ्या दुःखाचा मान ठेवला.

पलीकडचे वाफे त्या हिवाळ्यात वाळले. मला वाटलं, तो म्हातारा झाला, त्याच्यानं होत नाही.

यंदा आमच्या भजनी मंडळानं कोकणची सहल काढली. ट्रॅव्हल्सची गाडी, कोल्हापूर करून घाट उतरायचा, रत्नागिरी पाहायची, मग जयगडला फेरीबोटीतून खाडी ओलांडून गुहागरकडं. मुलगी अकोल्याला दिलेली आहे. ती मुद्दाम आली.

"बाबा, चाला. दर्या पाहू."

"दर्या काय पाह्याचा? पाणीच असीन."

"मायले लय पाह्याचा होता. तिच्या नावानं चाला."

आता याला काय म्हणणार? तरी मी विचारलं, "थो येणार हाय काय?"

"काका नाई येत. त्याईचा गुडघा दुखून राह्यला."

मी तिच्या डोळ्यांत पाहून विचारलं होतं आणि तिनं माझ्या डोळ्यांत पाहून सांगितलं. हे लिहून ठेवतो.

मंगरूळच्या स्टँडजवळ गाडी उभी होती. मी खिडकीशी बसलो. मुलगी म्हणाली, मी मागं बायांत बसतो. गाडी सुटायला आली आणि धाकटा चढला. गळ्यात पंचा, हातात पिशवी. गुडघा कुठंही दुखत नव्हता. सगळ्या गाडीत एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची.

मी उठलो आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनच्या झाकणावर जाऊन बसलो.

"आजोबा, तिथं बुड भाजन," ड्रायव्हर म्हणाला.

"भाजू दे."

अख्खा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूर ते आंबा घाट, मी तिथंच बसलो. खरंच भाजत होतं. मुलीनं शाल घडी करून दिली, ती मी घेतली नाही. मंडळाचा मृदंगवाला मागून ओरडला, "काय भाऊ, वावर सोडून आले, आता उंदरायले कोण पाह्यते?"

"उंदीर गेले कवाच," मी म्हटलं.

"गेले काय? अरेरे!"

गाडी हसली. बाया खिडकीबाहेर पाहायला लागल्या. आरशात मला धाकटा दिसत होता. तो हसत नव्हता, पंच्याच्या टोकाला गाठ मारत होता आणि सोडत होता.

अबोल्यालाही रीत असते. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण भांड्यांशी बोलतो. घाटाखाली जेवायला थांबलो तेव्हा तो वरणाच्या बादलीला म्हणाला, "मीठ कमी हाय. कोणाच्या पिशवीत असीन तर." मी माझी मिठाची पुडी टेबलावर ठेवली आणि टेबलाला म्हटलं, "घरून निघताना मीठ घ्यावं माणसानं." त्यानं चिमूटभर घेतलं आणि पुडी होती तिथंच ठेवली. एवढंच. मुलगी मागून पाहत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

रत्नागिरी म्हणजे गाव की टेकड्यांची भांडणं, हे मला कळलं नाही. गाडी चढे तर आभाळ समोर, उतरे तर समुद्र समोर, वळे तर कोणाच्या तरी अंगणातली फणसाची फांदी काचेवर. तांबड्या दगडाची घरं, एकाच्या छपराच्या उंचीवर दुसऱ्याचं जोतं. आमच्याकडं घरावर उभं राहिलं तर चार गावांची वावरं दिसतात. इथं शेजारच्याचं अंगण पाहायलाही पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्या बाया प्रत्येक उतारावर "अगं माय" करत होत्या. इथून एक वाटाड्या गाडीत चढला होता, छत्री बगलेत धरलेला, कानात केस असलेला माणूस. तो माइकवर बोलायचा. पुस्तकातल्यासारखं बोलायचा.

उंचावर एक मोठा लाल राजवाडा दाखवला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कैद करून इथं आणून ठेवलं होतं म्हणे. इथल्या गच्चीतून तो समुद्राकडं पाहत बसायचा.

"त्याले काय सांगून आणलं होतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाचा गुडघा दुखून राह्यला, असं सांगितलं होतं काय?"

वाटाड्याला काही कळलं नाही. माझ्या मुलीला कळलं. तिनं पदर तोंडावर घेतला. हसली की रडली, माहीत नाही.

मग किनाऱ्यावर उतरलो. पायाखाली वाळू आणि समोर तो दर्या. मी आयुष्यभर पाणी वाफ्या-वाफ्यानं मोजत आलो. एका वाफ्याला इतकं, दुसऱ्याला इतकं, आज इकडं फोडलं तर उद्या तिकडं. आणि इथं पाहिलं तर पाळी नाही, दांड नाही, धुरा नाही. मी शेजारी उभ्या ड्रायव्हरला म्हटलं, "एवढं पाणी आन् एक वाफा भिजत नाही." ओंजळीत घेऊन चाखलं. थुंकलं. वळून पाहिलं तर पन्नास पावलांवर धाकटा तेच करत होता, ओंजळ, घोट, थुंकी. आमचा बाप विहिरीला नवं पाणी लागलं की असंच चाखायचा. मी नजर फिरवली.

तिसऱ्या दिवशी जयगड.

फेरीबोट म्हणजे लोखंडी पाटच, वर केबिन, दोन्हीकडं पाडायची फळी. आम्हाला खाली उतरायला लावलं आणि गाडी उलटी चालवत बोटीत घातली. मी म्हटलं, मी गाडीतच बसतो. बोटीवरचा माणूस म्हणाला, "नाही आजोबा, सगळ्यांनी चालत या." आलो. कठड्याला धरून उभा राहिलो. बोट हलली, किनारा मागं सरकायला लागला, खाडीच्या पाण्याचा रंग बदलला.

तेव्हा मुलगी जवळ आली. मागं मृदंगवाला, शेजारची काकू, दोन-तीन जण. आणि तो.

"बाबा, खाली पाहा."

मी पाहिलं. हिरवा रंग दिलेलं लोखंड.

"पायाखाली माती हाय काय?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं तसं अंग गरम झालं. हिनं कोकणची सहल कशाला सुचवली, माझ्या शेजारची सीट कशी रिकामी ठेवली, काकाला गुडघ्याची थाप का शिकवली, सगळं उलगडलं. माझा शब्द जिथं लागू होणार नाही अशी जागा हुडकून तिनं मला तीन दिवस इंजिनवर भाजत आणलं होतं.

"गाडीत बी माती नसते पायाखाली," मी म्हटलं.

"गाडीचे चाकं मातीवर असतात, भाऊ," मृदंगवाला म्हणाला. "आमी इचार केला होता त्याचा."

"तुमी?"

"मंडळानं."

"शपथ माही हाय," मी म्हटलं. "तिचा अर्थ मी लावीन, मंडळ नाही." आणि तोंड फिरवून पाण्याकडं उभा राहिलो.

तो माझ्या पाठीशी आला. बावीस वर्षांत इतक्या जवळ तिरडीखालीच आला असेल.

"दादा," तो म्हणाला. "तू नको बोलू. मी सांगतो. उंदीर नव्हता. वयनी होती."

मी ऐकलं. इंजिनचा आवाज मोठा होता, तरी नीट ऐकलं.

"बाजाराच्या दिवशी थे दांड फोडून दे. अर्धा घंटा. मले वाफे भिजवाले. मी मांगलं नाही, माय शपथ. पह्यल्यांदा पाणी आलं तवा मीच घाबरलो. धुऱ्याजवळ गेलो तर थे उभी. म्हणे, मांगशील तर बंद. बोलशील तर बंद. दादाले समजलं तर बंद."

मी वळलो. धाकट्याकडं नाही, बाकीच्यांकडं पाहिलं. मृदंगवाला, जो वीस वर्षं मला उंदरांची खबर विचारत होता, खाडीकडं पाहत होता. काकू पदराचं टोक चघळत होती. म्हणजे गावात सगळ्यांना माहीत होतं. पारावर मी सापळ्याचं, औषधाचं, बोक्याचं सांगायचो आणि ते मान हलवायचे. कोणी म्हणालं नाही, अरे बह्याडा, घरी जाऊन बायकोले इचार.

"तुले बी?" मी मुलीला विचारलं.

तिनं मान खाली घातली. "मी पाचवीत होतो तवापासून. माय दांड फोडे आन् मी रस्त्यावर उभी राहो, तुमी दिसले का सांगाले."

बोट पलीकडच्या तवसाळच्या धक्क्याला लागली, फळी पडली, गाडी वर गेली, माणसं वर गेली. मी कठडा सोडला नाही.

"बाबा, चाला."

"तुमी जा."

"असं काय करता? बाबा!"

"जा म्हतलं ना. मले इथं बरं हाय."

बोटीवरचा तिकीटवाला आला, वरून हॉर्न वाजला, दोन मोटारी आणि एक टेम्पो बोटीत चढला. फळी उचलली. मुलगी धक्क्यावर उभी राहून हात करत होती. मला वाटलं, चला, एकटा झालो. मग टेम्पोच्या पलीकडं पंचा दिसला. तोही उतरला नव्हता.

मधात आलो तेव्हा मी खाली पाहिलं. लोखंड. लोखंडाखाली पाणी. किती हात, कोण जाणे. मंडळाचा अर्थ माझ्या अर्थापेक्षा वेगळा नव्हता, हे मला त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

"कशानं पाडे?" मी पाण्याकडं पाहून विचारलं.

तो टेम्पोला वळसा घालून आला. "काय?"

"बीळ. कशानं पाडे?"

"लोखंडी सब्बलीनं. आधी सब्बल घाले, मंग हातानं कोरे, गोल दिसावं म्हणून. तू येयाच्या आधी पलीकडून मीच अर्धं बुजो, का पाणी थांबलं पाह्यजे."

"फोलपटं?"

"थे बी तिचंच. घरून पदरात आणे. म्हणे, उंदीर काही खाल्ल्याबिगर राह्यते काय?"

मला एकदम तिचा आवाज ऐकू आला. असंच बोलायची. मी काही विचारणार होतो तेवढ्यात जयगडची फळी पडली, लोखंड खडखडलं, आणि मी तोंड मिटलं. तिथं समोर माती दिसत होती. धाकट्यानंही काही विचारलं नाही. आम्ही दोघं कठड्याला धरून मुकाट उभे. टेम्पो उतरला, एक जीप चढली.

तिकीटवाला म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नक्की जायचंय कुठं? तिकडं की इकडं?"

"मधात," मी म्हटलं.

त्यानं धाकट्याकडं पाहिलं. धाकट्यानं दोघांची तिकिटं काढली.

बोट पुन्हा निघाली. किनाऱ्यापासून सुटली याची मी खात्री केली, मग बोललो.

"तिनं काहून केलं असं? माही शपथ मोडाले?"

"मी एकदा इचारलं होतं, दादा. म्हणे, शपथ त्याईनं घेतली, मी कुठं घेतली? त्याईनं पाणी देऊ नाही. मी देतो."

"आन् गारा?" माझा आवाज चढला. जीपमधल्या बाईनं काच खाली केली. "बीळ पाडे तर पाडे. मंग गारा कायले आणून दे मले? वीस वर्षं घमेलं घेऊन माह्या बाजूले उभी. मी टाचेनं दाबू आन् थे म्हणे, तिकडून बी दाबा, तिकडून. हसत असीन मनात."

"हसे नाही," तो म्हणाला. "थे बी इचारलं होतं मी. म्हणे, बाजारातून थकून येतात, गारा बी त्याईनंच वाह्यला तर कंबर धरते त्याईची."

माझी कंबर खरंच धरायची.

लोक म्हणतील, बाईनं चांगलंच केलं, याच्या पोटात काहून दुखते? तर सांगतो. पाणी गेलं त्याचं दुःख नाही. तिनं एकदा तोंडावर सांगितलं असतं, की मी देणार, तर मी भांडलो असतो, ताट फेकलं असतं, दोन दिवस जेवलो नसतो. पण ते माझ्याशी झालं असतं. हे माझ्याशी झालंच नाही. माझ्या वावरात, माझ्या विहिरीच्या पाण्यावर, माझी बायको, माझी पोर, माझा भाऊ आणि सगळं गाव वीस वर्षं एका कामात होते आणि मी तेवढा सापळा घेऊन बाहेर. ज्या शब्दासाठी मी मान ताठ ठेवून चाललो तो शब्द पहिल्याच हिवाळ्यात फुटलेला होता. आणि ज्याच्यावर राग काढायचा ते माणूस दोन वर्षांआधीच निघून गेलं. जाताना चार दिवस होते तिच्याजवळ. शुद्धीवर होती. मला म्हणाली, दुधाचं भांडं झाकून ठेवत जा. हे सांगितलं नाही.

तवसाळ दिसायला लागलं. आमची गाडी वरच्या टपरीजवळ उभी होती, सगळे चहाचे पेले घेऊन बोटीकडं पाहत होते, जशी काही बोटीतून वरात येत आहे.

"तुहे वाफे दोन वरसापासून वाळले," मी म्हटलं.

"हाव."

"मांगलं काहून नाही?"

"मांगलं का बंद, असं सांगून गेली होती ना."

किनारा जवळ आला होता. मी घाई केली. "मोटरले मी आता ऑटो स्टार्टर बसवला. बाजाराच्या दिवशी मी पहाटे जातो, मोटर चालूच राह्यते." हे मी त्याला नाही, पाण्याला म्हटलं. मग फळी पडली.

वर गेलो. मुलीनं चहा पुढं केला, मी घेतला नाही. मृदंगवाला पुढं आला, "भाऊ, चुकलं आमचं." मी गाडीत चढलो आणि इंजिनच्या झाकणावर बसलो. गुहागर मला आठवत नाही. परतीचा घाट आठवत नाही. ड्रायव्हरनं आपली उशी दिली, ती मात्र घेतली. त्यानं मला फसवलं नव्हतं.

घरी आलो. तिच्या फोटोसमोर उभा राहिलो. बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. फोटोचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी धूळ पुसायला म्हणून सरळ केलं. मुलगी फोन करते, मी हूं हूं म्हणतो. मृदंगवाल्याच्या घरावरून जात नाही, लांबून जातो. पारावर बसणं सोडलं. कोणी असं समजू नये की मी माफ केलं.

पुढच्या बाजाराला मी टोपले घेऊन मंगरूळला गेलो. सांबार लवकर उठलं, वांगी राहिली. दिवस कलताना परत आलो आणि हातपाय न धुता धुऱ्यावर गेलो. बुजवलेल्या तोंडाशी, जिथं माझी माती दोन वर्षांत विटेसारखी झाली होती, तिथं बीळ होतं. गोल, हात जाईल एवढं. पलीकडचे दोन वाफे ओले. तोंडाशी हरभऱ्याची फोलपटं, जरा जास्तच. तिनं इतकी टाकली नसती.

धाकटा पलीकडं पाठमोरा उभा, फावड्यानं वाफ्याची कड लावत होता. माझ्या पायाखाली माती होती, त्याच्याही.

"उंदीर परत आले," मी धुऱ्याला म्हटलं.

"लय माजले," तो फावड्याला म्हणाला.

मग तो आपल्या झोपडीकडं गेला आणि घमेलंभर कालवलेला गारा घेऊन आला. माझ्याकडं न पाहता घमेलं धुऱ्यावर ठेवलं आणि परत फिरला. मी गारा बिळात कोंबला, टाचेनं दाबला. पुढच्या बाजारापर्यंत टिकेल इतकाच.